अलीकडचे भयपट घरी बघताना : कोणते लावावेत आणि काळोख करडा का दिसतो?

रातकिडा (धागाकर्ता)

दिव्यांच्या आवसेच्या आठवड्यात घरी चार रात्री चार चित्रपट लावायचे आहेत. भूत, चेटूक, अद्भुत, काहीही चालेल. २०१७-१८ नंतरचे हवेत, भाषेची अट नाही. प्रेक्षकांत एक तेरा वर्षांची मुलगी आहे. एक आजी आहेत, त्यांना सबटायटल वाचणं जमत नाही, त्यामुळे निदान दोन रात्री मराठी किंवा हिंदी हवं.

सामग्री : ४३ इंची ४के एलईडी टीव्ही, त्याला एचडीएमआय एआरसीवर (टीव्हीचा आवाज बारकडे नेणारी जोडणी) जोडलेला २.१ साउंडबार (दोन स्पीकर आणि एक सबवूफर), चित्रपट स्ट्रीमिंग स्टिकवरून.

चाचणी म्हणून दोन लावून पाहिले, तेव्हा तीन अडचणी आल्या :

१. ‘भ्रमयुगम’ काळापांढरा आहे, पण टीव्हीवर निळसर करडा दिसतो.
२. ‘नोस्फेरातू’मध्ये अंधाऱ्या भिंतींवर चौकोन सरकताना दिसतात.
३. संवाद ऐकू यावेत म्हणून आवाज वाढवला की पुढच्या किंकाळीला तावदानं थरथरतात.

जाणकारांनी प्रकाश टाकावा. (काळोख टाकलात तरी चालेल.)

---

पारावरचा

यादीबद्दल मी लिहितो, टीव्हीबद्दल काजळीताई लिहितीलच.

माझी कसोटी एकच आहे. भुताला नियम हवा, आणि तो पहिल्या चाळीस मिनिटांत प्रेक्षकाला दोन-तीन वाक्यांत सांगता यायला हवा. ते काय करू शकतं, काय करू शकत नाही आणि त्याला काय हवंय. नियम नसलेलं भूत दिग्दर्शकाच्या सोयीने कुठूनही उगवतं. मग आपण घाबरत नाही, नुसते दचकतो. दचकायला फुगा फुटला तरी पुरतं.

या कसोटीवर गेल्या काही वर्षांत ‘तुंबाड’च्या (२०१८) जवळ जाणारं आपल्याकडे मला दुसरं दिसत नाही. *(रहस्यभेद सुरू)* हस्तर या शापित देवाला धान्याची भूक आहे. पिठाचं रिंगण तो ओलांडत नाही. कणकेची बाहुली खाण्यात तो गुंतला की तेवढ्या वेळात त्याच्या लंगोटातून पडतील तेवढ्या मोहरा उचलायच्या. नियम एवढाच. बाकी सगळा चित्रपट या नियमावर हाव वाढत गेली की काय होतं याचं गणित आहे. शेवटी ‘एका बाहुलीला इतक्या मोहरा, तर जास्त बाहुल्या नेल्या तर?’ हा प्रश्न पडतो आणि त्याचं उत्तर आधीच्या नियमातूनच येतं, वरून काही आणावं लागत नाही. *(रहस्यभेद समाप्त)* गोष्ट १९१८, १९३३ आणि १९४७ अशा तीन टप्प्यांत घडते, आणि प्रत्येक टप्प्यात पाऊस आहेच. राही अनिल बर्वे आणि छायाचित्रकार पंकज कुमार यांनी तो बराचसा खऱ्या पावसाळ्यांत टिपला म्हणून चित्रीकरण वर्षानुवर्षं लांबलं. नळाच्या पावसात थेंब ठळक आणि मागचं आकाश कोरडं दिसतं. इथे उजेडच ओला आहे. हिंदीत आहे, म्हणजे आजींची सोय झाली. मात्र हिंसा आणि बायकांशी वागण्याची तऱ्हा बघता तेरा वर्षांच्या मुलीला मी बसवणार नाही.

तिच्यासाठी ‘मुंज्या’ (२०२४). आदित्य सरपोतदारांचा, कोकणातला. मूळ समजूत आपल्याला माहीतच आहे. मुंज झाली पण सोडमुंज होण्याआधी मुलगा गेला, तर तो पिंपळावर राहतो आणि लग्न मागतो. चित्रपटाने ती जवळपास तशीच उचलली आणि वर एक चांगली अट घातली : रक्ताच्या नात्यातल्यालाच तो दिसतो. त्या अटीतूनच भीतीही येते आणि विनोदही, कारण बाकीच्यांना समोरचा माणूस हवेशी भांडताना दिसतो. पूर्वार्ध झकास. शेवटच्या अर्ध्या तासात मात्र मुंज्याला काय जमतं आणि काय नाही ही चौकट ढिली पडते, मग धावपळच उरते. संगणकावर घडवलेला मुंज्या झाडीत आणि कंदिलाच्या उजेडात खपून जातो. सपाट उजेडात तो चिकटवल्यासारखा दिसतो, कारण कातडीवर पडणारी सावली आजूबाजूच्या माणसांवरच्या सावलीशी जुळत नाही.

परदेशीपैकी नियमाचा सर्वांत कडक वापर ‘द सब्स्टन्स’मध्ये (२०२४) आहे. मूळ बाई आणि औषधाने तयार झालेली तिचीच तरुण प्रत : सात दिवस हिचे, सात दिवस तिचे, अदलाबदल चुकवायची नाही. औषधाच्या खोक्यावरची सूचना वाचावी तसा नियम समोर येतो आणि मग तो मोडण्याची किंमत शरीर मोजतं. मेकअपचं ऑस्कर मिळालं ते योग्यच. पण घरच्या मंडळींसोबत अजिबात नाही. नग्नता आणि रक्त दोन्ही भरपूर, आणि शेवट तर जेवणानंतर बघण्यासारखा नाहीच.

‘सिनर्स’ (२०२५) मध्ये जुनाच नियम आहे, आमंत्रणाशिवाय पिशाच्चाला उंबरा ओलांडता येत नाही. पण १९३२ च्या मिसिसिपीतल्या कृष्णवर्णीयांच्या नाचगाण्याच्या जागेला तो लावला की ‘कोणाला आत घ्यायचं’ हा प्रश्न भुताचा राहत नाही. ‘वेपन्स’मध्येही (२०२५) चेटकाची कृती अगदी घरगुती आहे, काटकी आणि केस. म्हणून अंगावर येते. एकाच वर्गातली सतरा मुलं रात्री २ वाजून १७ मिनिटांनी घराबाहेर पडतात, इथपासून सुरुवात. बाकी सांगत नाही.

अद्भुतात ‘लोका’ (२०२५) घ्या. केरळातली कळ्ळियंकाट्टू नीली ही यक्षी आजच्या बंगळुरात आणून ठेवली आहे. हिंदी डब आहे, मुलीला आवडेल.

---

उंबरा

पारावरचा यांच्याशी अर्धा सहमत.

नियमाची कसोटी दैत्य, चेटूक आणि शाप यांना लागू पडते. ‘भूतकालम’ला (२०२२) लावलीत तर तो नापास होईल, आणि माझ्या मते तो गेल्या दशकातला सर्वांत भेदक भारतीय भयपट आहे. आई आणि मुलगा, घरातली आजी नुकतीच गेलेली. घरात काही आहे की या दोघांच्या मनाचा तोल गेलाय, हे जवळजवळ शेवटपर्यंत ठरत नाही. नियम सांगितला असता तर ‘आहे’ असंच उत्तर मिळालं असतं आणि तासभराचा ताण वाया गेला असता. रेवती आणि शेन निगम यांची भांडणं भुतापेक्षा जास्त भीतीदायक आहेत.

राहुल सदाशिवन यांनीच पुढे ‘भ्रमयुगम’ (२०२४) केला, आणि तिथे मात्र नियम ठाशीव आहे : वाड्यात आलेला पाहुणा सोंगट्यांच्या डावावर स्वतःचा काळ लावतो. एकच दिग्दर्शक दोन्ही तऱ्हा वापरतो, म्हणजे कसोटी एक पुरणार नाही.

अवांतर : मामुट्टींच्या पात्राचं नाव आधी कुंजमण पोट्टी होतं. त्या नावाशी मिळत्याजुळत्या घराण्याने केरळ उच्च न्यायालयात धाव घेतल्यावर ते कोडुमण पोट्टी झालं.

आणि मराठी यादीत ‘लपाछपी’ (२०१७) कसा विसरलात? उसाच्या फडात भर दुपारी भीती घालणारा चित्रपट. ‘छोरी’ (२०२१) हा त्याचाच हिंदी अवतार, मूळ जास्त आवळलेला. गोष्टीत पोटुशी बाई आणि मुलींचा गर्भ हा विषय आहे, त्यामुळे घरात कोणी गरोदर असेल तर आधी सांगून ठेवा.

---

काजळी

‘लपाछपी’चा मुद्दा चित्राच्या दृष्टीनेही मोलाचा आहे. टीव्ही साधा असेल तर उजेडातले भयपट निवडा. ‘लपाछपी’, किंवा परदेशी हवा असेल तर ‘मिडसोमर’ (२०१९, फक्त मोठ्यांसाठी). पांढऱ्या उन्हातली भीती कुठल्याही पडद्यावर नीट दिसते. अंधार दाखवणं हे स्वस्त एलईडीचं सर्वांत दुबळं काम आहे.

आता दुरुस्ती. याच क्रमाने करा, कारण पुढची पायरी मागचीवर अवलंबून आहे.

मोड. ‘फिल्ममेकर’ असेल तर तो, नाहीतर ‘सिनेमा’ किंवा ‘मूव्ही’. ‘व्हिविड’ आणि ‘डायनॅमिक’ हे दुकानातल्या ट्यूबलाइटशी स्पर्धा करायला असतात.

रंगछटा. ‘भ्रमयुगम’ निळसर दिसण्याचं कारण इथेच आहे. ‘कलर टेंपरेचर’ कूल किंवा स्टँडर्डवर असणार. ‘वॉर्म’ करा, दोन वॉर्म असतील तर ‘वॉर्म २’. चित्रपटाचा पांढरा ६५०० केल्विनच्या आसपास धरलेला असतो. पहिली दहा-पंधरा मिनिटं पिवळट वाटेल, मग डोळा सरावतो. कलरचा काटा शून्यावर नेऊन उपयोग नाही, त्याने रंग जातात, पण पांढऱ्यातली निळाई तशीच राहते. खरं तर काळापांढरा चित्रपट ही टीव्ही तपासायची फुकट कसोटी आहे. कुठल्याही करड्यात हिरवट, निळी किंवा गुलाबी झाक दिसली की सेटिंग चुकलं.

हे सगळं बंद : मोशन स्मूदिंग, म्हणजे हालचाल कृत्रिमपणे गुळगुळीत करणारी सोय (सॅमसंगवर ‘पिक्चर क्लॅरिटी’, एलजीवर ‘ट्रूमोशन’, सोनीवर ‘मोशनफ्लो’), डायनॅमिक कॉन्ट्रास्ट, नॉइज रिडक्शन, एनर्जी सेव्हिंग, खोलीतल्या उजेडाचा सेन्सर. शेवटचे दोन लोक हमखास विसरतात, आणि नेमक्या अंधाऱ्या खोलीत ते टीव्हीचा उजेड आणखी खाली ओढतात. मग ‘चित्रपटच काळा आहे’ अशी तक्रार येते.

काळ्याची पातळी. वर-खाली काळ्या पट्ट्या असलेला अंधारा प्रसंग थांबवा. ‘ब्राइटनेस’ पट्ट्या करड्या होईपर्यंत वाढवा, मग एकेक अंक कमी करत त्या नुकत्या काळ्या होतील तिथे थांबा. त्याखाली गेलात तर काळ्या कोटाच्या घड्या गायब होतील. सोनीच्या बऱ्याच टीव्हींवर या काट्याचं नाव ‘ब्लॅक लेव्हल’ आहे, आणि तिथला ‘ब्राइटनेस’ म्हणजे मागच्या दिव्यांचा जोर. दोन्हींची गल्लत करू नका.

पट्ट्या कशाही केल्या तरी करड्याच राहत असतील तर स्टिक आणि टीव्ही यांच्यात ‘लिमिटेड’ विरुद्ध ‘फुल’ (काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या पातळ्यांचा पट्टा) असा बेबनाव आहे. स्टिक मर्यादित पट्टा पाठवते आणि टीव्ही पूर्ण पट्टा समजतो, तेव्हा काळा करडा होतो. उलट झालं तर सावल्या चिरडतात. दोन्हीकडे ‘ऑटो’ ठेवा, नाही जमलं तर दोन्हीकडे ‘लिमिटेड’.

गॅमा, म्हणजे मधल्या करड्या छटा किती गडद दिसतील ते ठरवणारा आकडा. पूर्ण अंधाऱ्या खोलीत २.४ किंवा ‘बीटी.१८८६’, एखादा दिवा चालू असेल तर २.२.

एचडीआर, म्हणजे उजेड-अंधाराचा जास्त मोठा पल्ला असलेली आवृत्ती (साधी ती एसडीआर). स्वस्त ४के टीव्हीवर ‘एचडीआर’ असं लिहिलेलं असतं, पण पडदा ३०० निटच्या (निट म्हणजे उजळपणाचं माप) आसपासच उजळतो. अशा टीव्हीवर एचडीआर आवृत्ती साध्यापेक्षा गडद दिसते. स्टिकच्या सेटिंगमध्ये ‘डायनॅमिक रेंज’ एसडीआर करून तोच प्रसंग पुन्हा बघा. बहुतेक वेळा चित्र सुधारतं.

चौकोनांचं कारण वेगळं आहे. ‘नोस्फेरातू’ (२०२४) ३५ मिलिमीटर फिल्मवर चित्रित झाला. छायाचित्रकार जेरिन ब्लाश्के यांनी रात्रीच्या प्रसंगांत लाल-पिवळा भाग गाळणारा फिल्टर वापरला, म्हणून ते चांदणं जवळजवळ रंगहीन दिसतं. (तिथला निळसरपणा टीव्हीचा दोष नाही, तो तसाच हवा!) फिल्मचे कण प्रत्येक चौकटीत जागा बदलतात. स्ट्रीमिंगला हे कण म्हणजे न संपणारी हालचाल वाटते. अंधारात ‘कोणाला दिसणार’ असं धरून ते माहिती वाचवतं आणि भिंतीचे चौकोन पाडतं. आठ बिटांच्या चित्रात अगदी काळ्याजवळच्या पायऱ्या मुळातच थोड्या असतात, त्यामुळे भिंतीवर पट्टे उमटतात ते वेगळेच. १०८०पी स्ट्रीमला साधारण ५ ते ८ एमबीपीएस मिळतात, ब्लू-रेवर चित्राला ४० पर्यंत जागा असते. फरक इथला आहे.

करता येण्यासारखं : स्टिक ५ गिगाहर्ट्झ वायफायवर घ्या, ॲपमध्ये ‘डेटा सेव्हर’ बंद करा, स्ट्रीम खरंच ४के आहे का ते बघा. लॅपटॉपच्या ब्राउझरमधून केबल लावून बघत असाल तर बऱ्याच सेवा ४के देतच नाहीत. एवढं करूनही चौकोन राहिले तर ती स्ट्रीमची मर्यादा आहे. डिस्क मिळवा किंवा तो चित्रपट यादीतून काढा. शार्पनेस वाढवलात तर चौकोनांच्या कडा आणखी उठतील.

खोली : पडद्यात प्रतिबिंब पडणारा एकही दिवा नको. पूर्ण काळोखात डोळे शिणत असतील तर टीव्हीच्या मागे ६५०० केल्विनची मंद एलईडी पट्टी लावा. चित्रपटाआधी दहा मिनिटं दिवे मालवा आणि मोबाइल उलटे ठेवा, डोळ्याला अंधाराची सवय व्हायला तेवढा वेळ लागतोच. सबटायटल शुभ्र पांढरी असतील तर ती राखाडी करा. दर तीन सेकंदांनी पडद्याच्या तळाशी दिवा लागल्यावर काळोखातलं काय दिसणार?

---

मंद्रसप्तक

आवाजाचं बघू.

संवाद बारीक येतात कारण चित्रपट ५.१ मध्ये (पाच स्पीकर आणि एक सबवूफर, असे सहा चॅनेल) मिसळलेला असतो आणि संवाद जवळजवळ पूर्ण मधल्या चॅनेलमध्ये असतात. तुमच्या २.१ बारमध्ये मधला स्पीकरच नाही. सहा चॅनेल दोनात कोंबले की संवादावर पाऊस, वारा आणि व्हायोलिन चढून बसतात.

ॲपमध्ये आवाजाच्या यादीत ‘स्टिरिओ’ असेल तर तोच निवडा, तो बहुधा संतुलन राखून बनवलेला असतो. नसेल तर स्टिकमध्ये ‘पीसीएम’ (न दाबलेला साधा आवाज) किंवा ‘स्टिरिओ’. नंतर बारवरचा ‘नाइट मोड’, म्हणजे मोठा आवाज खाली आणि लहान वर. पुढे कधी ३.१ (मधला स्पीकर असलेला) बार घेतलात तर मधला चॅनेल २ ते ३ डेसिबल वाढवा, त्याहून जास्त नको, नाहीतर माणसं रेडिओतून बोलल्यासारखी वाटतात.

नाइट मोडचा तोटाही सांगतो. चित्रपटगृहात संदर्भपातळी (आवाजाची ठरलेली प्रमाण पातळी) लावलेली असेल तर मुख्य चॅनेलचं शिखर १०५ डेसिबलपर्यंत जातं आणि कुजबुज त्याच्या कितीतरी खाली असते. भयपटातली भीती या दरीत आहे. दरी बुजवली की दचकाही मेला. म्हणून आजी असतील त्या रात्री नाइट मोड चालू, मोठ्यांच्या रात्री बंद.

आवाज संवादावर लावा. पहिलं साधं संभाषण येईल तेव्हा काटा ठरवा आणि रिमोट उशीखाली ठेवा. शांत प्रसंगात ‘ऐकू येत नाही’ म्हणून वाढवलात की दिग्दर्शकाच्या सापळ्यात सापडलात, तो त्याचीच वाट बघत असतो.

सबवूफर कोपऱ्यात ठेवू नका, तिथे खालचे स्वर फुगतात. तावदानं त्यामुळेच थरथरत असतील. भिंतीपासून हात-दीड हात पुढे ओढा आणि खाली जाड फोम घाला. खालच्या मजल्यावरचे काका दुवा देतील.

एआरसीवर आवाज चित्राच्या मागे राहत असेल तर ‘लिप सिंक’ किंवा ‘ऑडिओ डिले’ बघा. दार आपटलेलं आधी दिसलं आणि आवाज सेकंदाच्या दहाव्या हिश्श्याने उशिरा आला, तर दचका गेलाच.

डबिंगबद्दल : ‘लोका’ डब चालेल. ‘भ्रमयुगम’ नको. त्यात मामुट्टींचा आवाज हेच अर्धं भूत आहे. डबमध्ये नवे संवाद स्टुडिओतले असतात, मूळ संवादासोबत आलेला श्वास आणि वाड्याचा घुमारा नव्याने रचावा लागतो, आणि तो सहसा कोरडा होतो.

---

रातकिडा

सर्वांचे आभार. ‘वॉर्म २’ केल्यावर ‘भ्रमयुगम’ खरोखर काळापांढरा झाला. एनर्जी सेव्हिंग चालूच होतं. स्टिक एसडीआर केली.

यादी अशी होते आहे : पहिली रात्र ‘मुंज्या’, दुसरी ‘लपाछपी’, तिसरी ‘तुंबाड’ (मुलगी मावशीकडे), चौथी ‘भ्रमयुगम’ मल्याळममध्ये, सबटायटलसह. आजींना चौथ्या रात्री सुट्टी.

दोन शंका. ‘सिनर्स’ची डिस्क मिळते आहे, ती ४३ इंचावर बघण्यात अर्थ आहे का? आणि ‘नोस्फेरातू’च्या दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या दिसतात, झूम करू का?

---

काजळी

झूम करू नका. ‘नोस्फेरातू’ १.६६ : १ (रुंदी : उंची) या आकारात आहे, टीव्ही १.७८. तुमच्या पडद्यावर दोन्ही बाजूंना सव्वा-सव्वा इंच काळं राहणारच. झूम केलंत तर वरून डोकी आणि खालून हात कापले जातील, आणि त्या चित्रपटात सावलीचे हात महत्त्वाचे आहेत.

‘सिनर्स’ आयमॅक्स आणि अल्ट्रा पॅनाव्हिजन ७० अशा दोन फिल्म-प्रकारांत चित्रित झाला. डिस्कवर चित्राचा आकार २.७६ आणि १.७८ असा बदलत राहतो. तुमच्या पडद्याची उंची साधारण २१ इंच आहे. २.७६ च्या प्रसंगांत चित्र साडेतेरा इंचांचं उरेल. नेहमीसारखं दहा फुटांवर बसलात तर ती पट्टी बघितल्यासारखं होईल. सोफा पाच-साडेपाच फुटांवर ओढा, मग अर्थ आहे. टीव्हीचा ‘ऑटो वाइड’ आधी बंद करा, नाहीतर आकार बदलताना तोही मध्ये लुडबुड करतो. मुलीला बसवू नका, रक्त आणि शृंगार दोन्ही आहे.

‘लपाछपी’च्या रात्री गॅमा २.२ वर आणा. उन्हातल्या उसाला २.४ ची गरज नाही.

---

पारावरचा

‘मुंज्या’ आधी आणि ‘तुंबाड’ नंतर हा क्रम बरोबर आहे. उलट लावलात तर मुंज्या बिचारा केविलवाणा दिसेल.

उंबरा यांचा ‘भूतकालम’चा मुद्दा मान्य. कसोटीत दुरुस्ती करतो : भूत आहे हे एकदा मान्य केलंत, तर नियम हवा.

---

उंबरा

चालेल. ‘भूतकालम’ पाचव्या रात्री एकट्याने, हेडफोन लावून बघा, स्टिरिओ ट्रॅकवर. घरातल्या घरात दुसऱ्या खोलीतून येणारे आवाज त्यात बारकाईने पेरले आहेत, ते २.१ बारवर निसटतात.